लक्ष्मीबाई टिळक यांनी लेखणी कशी धरली

देवाने आपल्या कार्यासाठी ज्यांना हाक मारिली त्यांपैकी पुष्कळांनी प्रथम पाऊल मागेच घेतले, हे शास्त्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मोशेने आपली जीभ जड असल्याची सबब पुढे केली. यिर्मयाने आपण केवळ बालक असल्याचे सांगितले. गिदोनाने आपल्या कुळाच्या हलकेपणाकडे बोट दाखविले. सोपविलेल्या द्रव्याच्या दाखल्यातील तिसऱ्या चाकराने तर धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेविले. आणि त्याला विचारले तेव्हा त्याने दिलेले कारण आळस हे नव्हते, भीती हे होते.

ही भीती आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही आहे, आणि लेखणीच्या बाबतीत ती विशेष आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या जळगाव जामोदच्या आसपासच्या गावी प्रार्थनासभा भरली म्हणजे साक्ष देण्यास माणसांची वाण पडत नाही. दुखण्यातून प्रभूने कसे उठविले, गावाने पाणी बंद केले तेव्हा घर कसे तगले, आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी भावकीत काय घडले, हे सर्व म्हातारी माणसे रात्र सरेपर्यंत सांगतात. पण तेच चार ओळींत लिहून द्या म्हटले की हात आखडतो. आमचे शिक्षण किती, शुद्धलेखन आम्हांस कोठले, लोक हसतील, असे म्हणून विषय संपतो. अशा सर्वांसाठी एका स्त्रीचे चरित्र पुन्हा एकवार सांगण्याजोगे आहे. ती स्त्री म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंच्या पूर्वी मराठीत ख्रिस्ती वाङ्मय नव्हते असे नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ साली ज्ञानोदय सुरू केला. बाबा पदमनजी यांची यमुनापर्यटन ही कादंबरी १८५७ साली निघाली. पंडिता रमाबाईंनी तर सबंध बायबलाचे भाषांतर केले. पण ही सर्व माणसे विद्वान होती. स्टीफन्स अनेक भाषा जाणणारे, पदमनजी इंग्रजी शाळेत शिकलेले, रमाबाई संस्कृताच्या पंडिता. लक्ष्मीबाईंजवळ यांतले काहीच नव्हते. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. म्हणूनच त्यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात म्हणत मनू. वडील अतिशय सोवळे. १८५७ सालच्या धामधुमीनंतर त्यांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला तो वेडाच्या सीमेपर्यंत गेला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही, कोणाची सावली पडावयाची नाही, अशा धाकात मुलांचे बालपण गेले. शिवण्याची भीती, रागाची भीती, चुकण्याची भीती, हाच त्या घरातला पहिला धडा होता. मुलीने अक्षर शिकावे हा विचार त्या काळी त्या घरी कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते.

अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान, कवी, संस्कृतात निष्णात, परंतु एका ठिकाणी स्थिर राहणारे नव्हते. आज एका गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार, परवा आणखी कोठे. संसाराला लागणारा पैसा हाती आला की तो वाटेतल्या गरजूला देऊन मोकळे व्हावे, हा त्यांचा स्वभाव. घरात दाणा आहे की नाही याची चिंता बायकोने करावी. त्यांनीच लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली. शिकविण्याचा उत्साह दांडगा, पण धीर थोडा. त्यामुळे धडा मध्येच मोडे, पुन्हा केव्हातरी सुरू होई. अशा तुटक शिक्षणातून त्यांना वाचता येऊ लागले व मोडकेतोडके लिहिता येऊ लागले. त्यांची शाळा म्हणतात ती एवढीच.

टिळकांबरोबर त्या नागपूर, राजनांदगाव अशा दूरच्या मुलखांत राहिल्या. नाशिकहून नागपूरकडे जाणारी आगगाडी आपल्या जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरूनच जाते. म्हणजे ही बाई आपल्या दाराजवळून गेलेली आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार वाचण्यास दिला. टिळकांनी तो वाचला, मनाशी झगडले, आणि १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी पडली. पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा. पती जिवंत असून नसल्यासारखा. त्या सुमारे पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने, पंढरपूर, नाशिक इकडे राहिल्या. लोक कीव करीत, कोणी टोचून बोलत. प्रकृती ढासळली. मन भ्रमते की काय अशी अवस्था आली. याच दुःखाच्या काळात त्यांच्या मनातले शब्द पद्याचे रूप घेऊ लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वृत्तांचे नियम शिकून मग त्या कवितेकडे गेल्या नाहीत. दुःख सोसवेना म्हणून ते शब्दांत आले. बायका जात्यावर बसून ज्या कारणाने ओवी म्हणतात त्याच कारणाने लक्ष्मीबाईंची कविता जन्मली.

पुढे त्या मुलाला घेऊन टिळकांकडे अहमदनगरास गेल्या. पण ख्रिस्ती होण्यास नव्हे. प्रथम त्यांचा चुलाही वेगळा आणि पाणीही वेगळे. वडिलांच्या घरची सोवळ्याची भीती एका दिवसात जाणारी नव्हती. परंतु त्यांनी विचार सोडला नाही. माणसामाणसांत उच्चनीच भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला व उत्तरही स्वतःच शोधले. ते सापडल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, आणि त्यांनीही पतीच्या मागे डोळे मिटून पाऊल टाकिले नाही. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचकहो, जिने सावलीची भीती टाकिली तिला पुढे कागदाची भीती टाकणे जमले यात आश्चर्य नाही. पहिला विजय दुसऱ्याची तयारी असतो.

नगरचे टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. विद्यार्थी, अनाथ मुले, उपदेशक, कवी, सर्वांना तेथे जागा असे. १९०७ साली जळगावी महाराष्ट्र कविसंमेलन भरले. हे आपले जळगाव जामोद नव्हे, खानदेशातले जळगाव. त्या संमेलनामागे टिळकांची मोठी खटपट होती. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या पोरसवदा मुलाने आपल्या कवितेने सर्वांस मोहून टाकिले व तो बालकवी या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे बालकवी टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागविले. १९१२ पासून टिळक ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक झाले. अशा घरात कविता ही रोजच्या भाकरीसारखी होती.

परंतु याच घरात लक्ष्मीबाईंसमोर दुसरी भीती उभी होती, ती म्हणजे पतीच्या मोठेपणाची. ज्यांची गीते उपासनासंगीतातून आपण आजही गातो, त्या टिळकांसमोर आपली वेडीवाकडी ओळ कोणी ठेवावी? मोठ्या वडाखाली दुसरे रोप वाढत नाही, असे आपण म्हणतो. पुष्कळ पाळकांच्या व उपदेशकांच्या पत्नींचे असेच होते. सर्व विद्या नवऱ्याची, आपले काम चूल आणि पाहुणे, असे त्या धरून चालतात. लक्ष्मीबाईंनीही चूल व पाहुणे सोडिले नाहीत. पण त्याबरोबर त्या कविता करीत राहिल्या. टिळकांना आपल्या पत्नीच्या कवितेचे कौतुक होते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांचा स्वभाव तापट असला तरी या बाबतीत त्यांचे मन मोठे होते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडिला व साताऱ्यास देवाचा दरबार या नावाने नवे कार्य आरंभिले. जातिपंथाची भिंत नसलेले, ख्रिस्ताला मानणाऱ्यांचे एक कुटुंब व्हावे अशी त्यांची इच्छा होती. पण पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. पैसा नाही, घर नाही. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात काम करून त्यांनी दिवस काढिले.

टिळकांनी मागे एक अपुरे काम ठेविले होते. प्रभू येशूचे सबंध चरित्र मराठी पद्यात गावे म्हणून त्यांनी ख्रिस्तायन हा ग्रंथ आरंभिला होता. पण आरंभीचे थोडेसे अध्याय होतात न होतात तोच लेखणी थांबली. मराठी मुलखात त्या काळी चांगले ख्रिस्ती कवी होते, पदवीधर होते. त्यांपैकी कोणी हे काम घ्यावे, अशी वाट पाहणे सोपे होते. ते काम या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या विधवेने हाती घेतले. थोर कवीने जेथे सोडिले तेथूनच पुढे लिहावयाचे, म्हणजे प्रत्येक वाचक दोघांची तुलना करणार हे उघड होते. तरी त्यांनी एकामागून एक अध्याय लिहिले. साठाहून अधिक लिहिले. म्हणजे ग्रंथाचा मोठा भाग टिळकांचा नसून लक्ष्मीबाईंचा आहे. हे काम एका दिवसाच्या स्फूर्तीचे नव्हे. मुलाच्या नोकरीमुळे त्या काही वर्षे दूर कराचीस राहिल्या, पुढे नाशिकास आल्या, घरात नातवंडे आली; या सर्व धावपळीत हे काम त्यांनी शेवटास नेले.

आता तिसरी भीती, आणि तीच सर्वांत अवघड. टिळक गेल्यावर त्यांचे चरित्र लिहिले जावे असे पुष्कळांस वाटू लागले. जे. सी. विन्स्लो या मिशनरी गृहस्थांनी १९२३ साली इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. पण टिळकांचे घरातले जीवन ज्यांनी पाहिले होते त्या लक्ष्मीबाईच. त्यांचे पुत्र देवदत्त, म्हणजे तोच लहानपणीचा दत्तू, यांनी आईने आठवणी लिहाव्यात असा आग्रह धरिला. येथे प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नव्हता. लिहावयाचे तर काय लिहावयाचे? मंडळ्या टिळकांना संत मानीत होत्या. त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, घरात दाणा नसताना पाहुण्यांना बोलाविण्याची त्यांची सवय, बायकोला न सांगता घर सोडून जाणे, हे सर्व लिहिले तर लोक काय म्हणतील? आणि न लिहिले तर ते चरित्र खरे कसे?

लक्ष्मीबाईंनी खरे लिहिले. पतीचे दोष झाकिले नाहीत आणि त्या दोषांचा डांगोराही पिटला नाही. आपले दोषही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने मांडिले. त्यांचा स्वतःचा हट्ट, भित्रेपणा, वेंधळेपणा, भोळसटपणा यांवर त्या वाचकाच्या आधी स्वतःच हसतात. आणि आश्चर्य असे की, हे सर्व वाचून झाल्यावर टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, वाढतो. कारण तेथे भेटतो तो भिंतीवरच्या तसबिरीतला संत नव्हे. देवाने ज्याला हळूहळू घडविले असा माणूस भेटतो. शास्त्रही दाविदाचे पाप व पेत्राचे नाकारणे लपवून ठेवीत नाही. देवाच्या कृपेची गोष्ट सांगावयाची तर ती ज्याच्यावर झाली त्याची खरी अवस्था सांगितल्यावाचून ती सांगताच येत नाही. हा धडा लक्ष्मीबाईंनी कोणत्याही धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घेतला नव्हता, तरी तो त्यांना पुरता कळला होता.

या आठवणी प्रथम संजीवनी नावाच्या साप्ताहिकात क्रमाने येऊ लागल्या. १९३४ सालापासून त्या स्मृतिचित्रे या नावाने भागाभागाने पुस्तकरूपाने निघाल्या. त्यांची भाषा कशी, तर घरात बोलतात तशी. वाक्ये लहान, शब्द साधे, म्हणी बायकांच्या तोंडच्या, आणि दुःखाच्या प्रसंगीही विनोदाची झाक. संस्कृत शब्दांचा भार नाही, इंग्रजीची छाया नाही. जे शिक्षण मिळाले नाही म्हणून लाज वाटावी, त्याच उणिवेने त्यांची भाषा निर्मळ राखिली. मोशेच्या हाती काय आहे असे देवाने विचारले तेव्हा त्याच्याजवळ मेंढरे हाकण्याची काठीच होती, आणि तीच पुरेशी ठरली. लक्ष्मीबाईंच्या हाती स्वयंपाकघरातली बोली होती. तीच पुरेशी ठरली.

हिंदू, ख्रिस्ती, सर्व प्रकारच्या वाचकांनी या पुस्तकाचे मनापासून स्वागत केले. १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या होत्या. पुढे लोक त्यांना साहित्यलक्ष्मी म्हणू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांनी देह ठेविला. स्मृतिचित्रांचा शेवटचा भाग व ख्रिस्तायन यांचे प्रकाशन त्यांच्या मागून झाले. १९५० साली स्मृतिचित्रांचे इंग्रजी भाषांतर ई. जोसेफाइन इंक्स्टर यांनी केले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी मूळ ग्रंथ परिश्रमपूर्वक संपादित केला. आणि २०१७ साली शांता गोखले यांचे नवे इंग्रजी भाषांतर निघाले. मराठीतील उत्तम आत्मचरित्र कोणते असे विचारले असता जाणते लोक आजही हे नाव प्रथम घेतात. वडिलांच्या घरी जिला अक्षरही शिकविले नाही तिचे पुस्तक आज महाविद्यालयांत अभ्यासिले जाते.

प्रिय बंधुभगिनींनो, या चरित्रावरून इतके तरी दिसते की, लक्ष्मीबाई निर्भय होऊन मग लिहावयास बसल्या नाहीत. आधी भीती जावी, मग काम करावे, असा त्यांच्या आयुष्याचा क्रम कोठेच दिसत नाही. त्या भीत होत्या तरी नगरास गेल्या. पतीच्या विद्येपुढे लहान होत्या तरी कविता केली. लोकनिंदेचा संभव होता तरी खरे लिहिले. पाऊल आधी पडले. धीर चालता चालता आला. यार्देनेचे पाणीही याजकांचे पाय भिजल्यावरच थांबले, त्याच्या आधी नाही.

आपल्याकडे सर्वांना ग्रंथ लिहावयाचे नाहीत. पण आपल्या मंडळ्यांत पहिल्या पिढीचे जे ख्रिस्ती होते ते तर केव्हाच गेले. त्यांना पाहिलेली माणसेही आता थोडीच राहिली आहेत. त्यांनी काय सोसले, कोणत्या विहिरीवर त्यांना मनाई झाली, कोणत्या उपदेशकाने किती कोस चालत येऊन त्यांना वचन शिकविले, हे कोणत्याही दफ्तरात नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव आणि तारीख असते. त्या दिवशी आईच्या डोळ्यांत काय होते हे त्या वहीत नसते. ते ज्याच्या आठवणीत आहे त्याच्याबरोबर कबरेत जाईल. द्रव्य जमिनीत पुरणे म्हणतात ते याहून वेगळे काय?

म्हणून कापसाची वेचणी आटोपली, रात्री मोठ्या झाल्या, म्हणजे एक कोरी वही घ्यावी. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. ज्या आजीला येत नाही तिने सांगावे आणि शब्बाथशाळेतल्या नातीने ते उतरून घ्यावे. यात कमीपणा नाही. यिर्मयाने सांगितले व बारूखाने लिहिले. रोमकरांचे पत्र पौलाचे, पण हात तर्तियसाचा होता. भाषा आपली वऱ्हाडी असली तरी चालेल. ती सुधारून शहरी करण्याच्या भरीस पडू नये. शुद्धलेखन मागाहून दुसरा कोणी दुरुस्त करू शकतो. आठवण मात्र दुसरा कोणी देऊ शकत नाही. जे घडले तेच लिहावे, आपली चूक असेल तर तीही लिहावी, आणि देवाने कोठे हात दिला ते विसरू नये. अशी एक वही प्रत्येक मंडळीत तयार झाली, तर लक्ष्मीबाईंचे स्मरण आपण योग्य रीतीने केले असे होईल.